शारजातली विमानांची सराई

पुणे

चि. मृण्मयी हिस,


सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावी ‘जॉर्ज इन’मध्ये राहून आल्याचं तुझं पत्र मिळालं. चौदाव्या शतकातली वास्तू, हिंटनच्या मठातल्या साधूंचा तिथे चालणारा लोकरीचा व्यापार, १६८५च्या बंडात ड्यूक ऑफ मॉनमथनं तिथे टाकलेला मुक्काम, सगळं तू मन लावून लिहिलं आहेस. शेवटी लिहितेस, ‘अशी जागा आमच्या शारजात कुठली असायला!’ आहे गं. किंग अब्दुल अझीझ रस्त्यालगत बुरूज असलेली ती बैठी इमारत, अल महत्ता, तिच्यावरून तू कितीदा गेली असशील. ती याच कुळातली. तिची गोष्ट सांगतो.

इंग्लंडमधल्या या सराया वाढल्या त्या घोड्यांमुळे. घोडा थकला की टप्पा संपे; तिथे तबेला, जेवण आणि बिछाना हवा. २ ऑगस्ट १७८४ला ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी धावली आणि रस्त्यावरच्या सरायांना बरकत आली. पुढे आगगाडी आली नि काही दशकांत टपालगाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या, आणि त्यांच्यासोबत सरायांची बरकतही गेली. आपल्याकडचे डाकबंगले याच हिशेबानं बांधले गेले. वाहन दिवसात जिथवर पोचेल, तिथे मुक्काम.

१९३०च्या सुमारास विमानाचंही तसंच होतं. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची लंडन ते कराची सेवा आधी इराणच्या किनाऱ्यानं जाई. १९३२मध्ये इराणनं तो मार्ग बंद केला, तेव्हा ब्रिटिशांना आखाताच्या अरबी बाजूला उतरायची जागा शोधावी लागली. तिथल्या शेखांच्या मनात धास्ती होती, की आज विमान उतरेल, उद्या सत्ता उतरेल. अखेर २२ जुलै १९३२ला शारजाचे शासक शेख सुलतान बिन सकर अल कासिमी यांनी करारावर सही केली. धावपट्टीचं भाडं दरमहा ८०० रुपये आणि शेखांना स्वतंत्र ५०० रुपये. रुपये हे आपलेच, तेव्हा त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपयाच चाले. या रकमेचं मोल कळायला मोत्यांची आठवण ठेवावी लागते. जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बसवला होता, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईच होती.

५ ऑक्टोबर १९३२ला पहिलं विमान उतरलं. ‘हँडली पेज ४२’ जातीचं, चार इंजिनांचं, वर-खाली दोन पंख असलेलं. वेग ताशी जेमतेम १६० किलोमीटर. त्यानंतर दहाच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, जे.आर.डी. टाटांनी कराचीहून पस मॉथ विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे टपाल जुहूला आणलं. ही दोन टोकं एकाच दोरीची होती. इम्पीरियलनं लंडनचं टपाल कराचीपर्यंत आणायचं, टाटांनी तिथून पुढे न्यायचं. मुंबईच्या माणसाला आलेली विलायती चिठ्ठी आता शारजाच्या वाळूवरून येऊ लागली. ही गोष्ट मराठी माणसाला ठाऊक असावी असं मला फार वाटतं. शारजा म्हटलं की आपल्याला फक्त १९९८ची सचिनची खेळी आठवते.

प्रवास मोठा दगदगीचा. लंडनजवळच्या क्रॉयडनहून पॅरिस, तिथून इटलीतल्या ब्रिंडिसीपर्यंत चक्क आगगाडी, मग समुद्रविमानानं अलेक्झांड्रिया, पुढे बगदाद, बसरा, आखात, ग्वादर, कराची. आठवडाभराचा मामला. वाळवंटावर रात्रीचं उड्डाण शक्यतो टाळत, म्हणून प्रवाशांना रात्र काढायला छप्पर हवं. ते छप्पर म्हणजे हा महत्ता, आजच्या अमिरातीतलं पहिलं हॉटेल. टोळ्यांच्या हल्ल्याची भीती असल्यानं ते किल्ल्यासारखं बांधलं. जाड भिंती, बुरूज, शेखांचे पहारेकरी, आत खोल्या आणि भोजनगृह. इराकच्या वाळवंटात रुतबाला असाच एक किल्लावजा मुक्काम होता. १९३७मध्ये ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा माहितीपट याच शारजाच्या तळावर निघाला. विमान येतं, इंधन भरतं, पाहुणे जेवून झोपतात आणि सकाळी निघतात, एवढंच त्यात आहे आणि तेच पाहण्यासारखं आहे.

प्रत्येक विमान पोचलंच असं नाही. १ मार्च १९४०ला ‘हॅनिबल’ हे विमान जिवानीहून शारजाला निघालं आणि ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. आठ माणसं होती; मद्रासचे जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम त्यांत होते, लंडनला निघालेले. त्या विमानाचा ठावठिकाणा आजवर लागलेला नाही.

पुढे विमानं लांब उडू लागली. जे टपालगाड्यांच्या सरायांचं झालं तेच इथे झालं. १९७७मध्ये नवा विमानतळ सुरू झाला आणि जुना बंद पडला. शहर त्याच्यावरून पसरलं आणि धावपट्टीचा रस्ता झाला. तू रोज ज्या किंग अब्दुल अझीझ रस्त्यानं गाडी नेतेस, तीच ती पट्टी. इमारत मात्र पाडली नाही. डागडुजी करून २०००मध्ये तिचं संग्रहालय केलं. ‘जॉर्ज इन’सारखं इथे राहता येत नाही, पण पाटी लावून तिथे महागडं हॉटेल काढण्यापेक्षा हे हजारपट बरं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

येत्या सुट्टीत मुलांना घेऊन जा. आत अ‍ॅव्हरो अ‍ॅन्सन, डकोटा आणि डव्ह ही जुनी विमानं उभी आहेत. आधी मुक्कामाच्या खोल्या दाखव, विमानं नंतर. नाहीतर मुलं खोल्यांकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. आणि मला सविस्तर पत्र लिही.

तुझा,
मामा