म्हाताऱ्या ताऱ्यांची गिरकी आणि लिथियम

पुणे

चि. सई,


सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी तारा झाला, की त्याच्या दोन गोष्टी घटतात: परिवलनाचा वेग आणि पृष्ठभागावरचे लिथियम. कोनीय संवेग कायम राहतो, म्हणून त्रिज्या दहापट झाली की विषुववृत्तावरचा वेग दशांशावर उतरतो. सूर्याचा हा वेग आजच सेकंदाला जेमतेम 2 किलोमीटर आहे. लिथियम तर सुमारे 25 लाख केल्विनला नष्ट होते, त्यामुळे ते फक्त वरच्या थरात टिकते. तारा फुगताना अभिसरण खोलवर पोचते, आतला लिथियमहीन वायू वर येतो आणि ताकात पाणी घालावे तसे उरलेले लिथियम विरळ होते.

तरीही शंभरात साधारण एक राक्षसी तारा लिथियमने समृद्ध निघतो. वॉलरस्टीन आणि स्नेडन यांनी 1982 मध्ये एचडी 112127 या ताऱ्यात असे भरपूर लिथियम नोंदवले. पुढे दिसले, की सेकंदाला 8-10 किलोमीटरहून जलद फिरणाऱ्या राक्षसी ताऱ्यांत अशा ताऱ्यांचे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

दोन्ही गोष्टी एकाच वर्णपटातून वाचाव्या लागतात. लिथियमची रेषा 670.8 नॅनोमीटरला असते आणि लोहाची एक बारीक रेषा तिला अगदी खेटून. ताऱ्याची एक कड जवळ येते, दुसरी दूर जाते, म्हणून जलद ताऱ्याच्या रेषा रुंद आणि उथळ होतात. मग लोह व लिथियम एकमेकांत मिसळतात आणि लोहाचा वाटा हिशेबाने वजा करावा लागतो. शिवाय ज्या ताऱ्याचा ध्रुव पृथ्वीकडे असतो, तो कितीही जलद फिरला तरी संथच भासतो.

जलद गिरकी आणि भरपूर लिथियम या जोडीची कारणे दोन सुचवली जातात. पहिले, ताऱ्याने ग्रह गिळला: ग्रहाचा कोनीय संवेग गिरकी वाढवतो, त्यातले लिथियम वर दिसते. पण गुरूएवढा ग्रहही सूर्याच्या हजारांश वस्तुमानाचा, म्हणून लिथियमचे फार मोठे प्रमाण त्याने साधत नाही. दुसरे, जवळच्या जोडताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीने तारा जलद फिरतो आणि आत घुसळण होते. आत हेलियमपासून बेरिलियम-7 बनते. त्याचा अर्धायुकाल 53 दिवसांचा. तेवढ्यात ते थंड थरात पोचले, तरच त्यापासून झालेले लिथियम वाचते.

मात्र लिथियम-समृद्ध तारे पुष्कळदा संथही असतात. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ईश्वर रेड्डी ज्यात सहभागी होते, त्या 2020 च्या अभ्यासानुसार गाभ्यात हेलियम पेटलेल्या, सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्यांत लिथियम सर्रास वाढलेले असते. म्हणजे लिथियम घडवायला गिरकी अनिवार्य नाही. ज्या थोड्या ताऱ्यांत लिथियम आणि वेग दोन्ही जास्त आहेत, तिथेच ग्रहाचा किंवा जोडताऱ्याचा माग काढणे सार्थ ठरते.

तुझा,
काका