खाडीपलीकडचे विवरणपत्र

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई वसाहतीत राहणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला, पावसाळा सुरू झाला की शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात: प्राप्तिकराचे विवरणपत्र स्वतः भरावे, सनदी लेखापालाकडे द्यावे, की कोपऱ्यावर संगणक मांडून बसलेल्या इसमाच्या हवाली करावे? मी त्यांना आधी एवढेच विचारतो की गेल्या वर्षभरात घरात पैसा कोणकोणत्या वाटांनी आला. कारण त्या वाटांची यादी डोळ्यांपुढे आली, की कोणता फॉर्म, कोणती करप्रणाली आणि कोणाचे साहाय्य, या तिन्ही गोष्टींचा निकाल बहुतांशी आपोआप लागतो.

माझी स्वतःची कैफियत सरळ आहे. 2024-25 या आर्थिक वर्षात निवृत्तिवेतनाचे 6,80,000 रुपये आणि ठेवींवरील व्याजाचे 60,000 रुपये, अशी एकूण 7,40,000 रुपयांची जमा होती. जुन्या प्रणालीत 50,000 रुपयांची प्रमाणित वजावट, ज्येष्ठ नागरिकाला व्याजावर मिळणारी 50,000 रुपयांची सवलत आणि आरोग्यविम्याचा 30,000 रुपयांचा हप्ता वजा केल्यावरही करपात्र रक्कम 6,10,000 उरत होती आणि उपकरासह कर 33,280 रुपये होत होता. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट तेवढी 75,000 रुपयांची, बाकीच्या दोन्ही सवलतींवर पाणी सोडायचे. परंतु करपात्र रक्कम 6,65,000 म्हणजे सात लाखांच्या आत येत असल्याने कर शून्य झाला. ज्या सवलती वर्षानुवर्षे जिवापाड जपल्या, त्या सोडून देणे मनाला जड जाते हे मी जाणतो. पण दोन्ही प्रणालींचा हिशेब कागदावर शेजारी शेजारी मांडल्याखेरीज निवड करू नये, हे माझे ठाम मत त्या दिवशी अधिकच दृढ झाले. 15-एच अर्ज दिलेला नसल्यामुळे बँकेने व्याजातून कापलेले 6,000 रुपये ‘सहज’ नावाच्या पहिल्या फॉर्मातूनच परत मागता आले, आणि त्यासाठी कोणाला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

आमच्याच वसाहतीतील एका गृहस्थांना मात्र कोपऱ्यावर संगणक मांडून बसलेल्या अशाच एका इसमाने परताव्याच्या रकमेत हिस्सा ठरवून विवरणपत्र भरून देण्याची तजवीज सांगितली होती. मसुदा त्यांनी मला आणून दाखवला, तेव्हा न दिलेली राजकीय देणगी आणि घरात नसलेल्या अपंग अवलंबिताचा खर्च त्यात मांडलेला दिसला. अशा खोट्या वजावटींविरुद्ध प्राप्तिकर खात्याने 14 जुलै 2025 रोजी देशभर तपासणी केली होती. उत्पन्नाची दिशाभूल करणारी नोंद सिद्ध झाल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसतो, आणि तो विवरणपत्र ज्याच्या नावाचे त्याला भरावा लागतो. हिस्सा घेणारा तोवर दुसऱ्या कोपऱ्यावर गेलेला असतो. गृहस्थांनी तो मसुदा तेथेच सोडला, याचे मला फार समाधान वाटले.

याच ओघात खाडीपलीकडच्या गोराई गावातून माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेचा फोन आला, म्हणून गोराई जेटीवरून होडीने पलीकडे गेलो. होली मॅगी चर्चच्या परिसरात त्यांचे वडिलोपार्जित घर आणि मागे विहिरीवर भिजणारी लहानशी वाडी आहे. टीचरांनी शंभर पानी वही पुढे ठेवली: डाव्या बाजूस माठ, मुळा, वांगी यांच्या विक्रीची जमा, उजवीकडे खत, बियाणे, मजुरी, होडीभाडे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी शाळेतल्या हजेरीपटासारखी बारीक, नीटस बेरीज. खर्च वजा जाता वर्षाचे साधारण 40,000 रुपये उरत होते.

“सर, भाजीच्या पैशावर कर नाही ना? मग तो लिहायचा कशाला? तुमच्यासारखाच ‘सहज’ भरून टाकू,” त्या म्हणाल्या.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, हे त्यांचे म्हणणे खरेच होते; तथापि ते 5,000 रुपयांहून अधिक असेल तर ‘सहज’चे दार बंद होते, अनुमानित उत्पन्नाच्या ‘सुगम’ फॉर्माचेही होते, आणि निवृत्तिवेतनधारकाला आयटीआर 2 कडे वळावे लागते. शिवाय इतर उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवण्यापुरते हे शेतीचे उत्पन्न जमेस धरले जाते. करमुक्त रक्कम म्हणजे न सांगण्याची रक्कम, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे आणि तो प्रामाणिक माणसांनाच अधिक गोत्यात आणतो, असे मला कळकळीने वाटते. टीचरांची वही इतकी चोख होती, की दुसरा फॉर्म भरताना आम्हांला कोठेही अडखळावे लागले नाही.

त्यांच्या शेजाऱ्यांची मासेमारीची होडी आहे. समुद्राचे पीक तेही शेतीच, असे ते धरून चालले होते. कायद्यात मात्र शेतीच्या उत्पन्नाला जमिनीचा आधार लागतो. दर्यातून आलेला पैसा हा व्यवसायाचा पैसा होय. त्यांच्यासाठी ‘सुगम’ फॉर्म योग्य, ज्यात रोखीच्या उलाढालीवर निदान 8 टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर निदान 6 टक्के नफा धरला जातो. परंतु डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांचे वाटे यांचा प्रत्यक्ष खर्च जाता नफा त्याहून कमी उरत असेल, तर हिशेबाच्या वह्या आणि बहुधा लेखापरीक्षणही लागेल, म्हणून मी त्यांना निःसंकोचपणे सनदी लेखापालाकडे जाण्यास सांगितले. तेथे दिलेली फी वाया जात नाही.

स्वतः भरा वा दुसऱ्याकडून भरून घ्या, बसण्यापूर्वी खात्याच्या संकेतस्थळावरून 26 एएस आणि वार्षिक माहिती विवरण ही दोन्ही उतरवून आपल्या पासबुकाशी ताडून पाहा; विसरलेल्या ठेवीचे व्याज तेथेच सापडते. आणि विवरणपत्र पाठवल्यानंतर 30 दिवसांच्या आत त्याचे सत्यापन करावे लागते. सत्यापनाविना पडून राहिलेले विवरणपत्र कायद्याच्या लेखी दाखलच झालेले नसते. तेव्हा काम ज्याच्याकडे सोपवाल, त्याच्याकडून पोचपावती आणि सत्यापनाची नोंद, दोन्ही मागून घ्या.