दुसरी लाइन

2003 च्या हिवाळ्यात आमची पलटण अरुणाचलात होती, बोमडिलाच्या बाजूला. मी कॅप्टन. खडकवासल्याला संगणकशास्त्र घेतलं होतं (एनडीएची पदवी जेएनयू देते, हे माझ्या सासऱ्यांना अजून पटत नाही), त्यामुळे पलटणीत कुठलाही डबा बंद पडला की हाक मला. सीओंनी एक दिवस बोलावून सांगितलं, "जवानांसाठी ई-मेलची खोली सुरू कर. पोरांना घरचे फोटो बघायला मिळाले पाहिजेत."

खोली मिळाली, विंडोज 2000 टाकलेला एक संगणक मिळाला. इंटरनेट अर्थात टेलिफोनवरून. मोडेमच्या डब्यावर 56 के छापलेलं, पण डोंगरातल्या तारेवर 28 च्या वर काही जाईना. एक एमबीचा फोटो उतरायला पाच मिनिटं, तीही लाइन तुटली नाही तर. बाहेर वीस जण रांगेत.

मग डोक्यात मल्टिलिंक आलं. दोन फोनलाइनी, दोन मोडेम आणि दोन्ही मिळून एकच जोडणी. 1996 च्या आरएफसी 1990 मध्ये त्याची रीत लिहिलेली आहे. पलटणीच्या भाषेत सांगायचं तर रेशनची पोती दोन खेचरांवर लादायची, प्रत्येक पोत्यावर नंबर टाकायचा आणि वर पोचल्यावर नंबराप्रमाणे लावून घ्यायची. एक खेचर मागं राहिलं तरी हिशेब चुकत नाही. अट एकच, दोन्ही खेचरं एकाच पोस्टवर पोचली पाहिजेत. पलीकडे दोन कॉल दोन वेगळ्या सर्व्हरवर पडले की जोडी जमत नाही. शिवाय त्याच नावानं दुसरं लॉगिन चालू द्यायला कंपनी तयार हवी. ती झाली.

प्रोग्रॅम मी सी मध्ये लिहिला. विंडोजच्या फोनबुकात एक मुख्य नोंद, तिच्या पोटात दोन पोटनोंदी, प्रत्येकीला आपला मोडेम आणि आपला नंबर. मग रासडायलला हाक मारायची. डायल करण्याच्या दोन तऱ्हा होत्या. 'डायल-ऑल' म्हणजे दोन्ही लाइनी एकदमच. 'डायल-ॲज-नीडेड' म्हणजे आधी एक, आणि तिच्यावरचा भार ठरवलेल्या टक्क्यांच्या वर ठरवलेले सेकंद राहिला तरच दुसरी. मी सरळ 'डायल-ऑल' लावलं. पाच मिनिटांचा फोटो अडीच मिनिटांत उतरला, त्या दिवशी लंगरात मला जिलबी मिळाली.

दुसरी लाइन कुठली होती, ते सांगायचं राहिलं. ती लंगराशेजारच्या एसटीडीच्या खोलीतली. गावाकडे सगळ्यांनी तोच नंबर लिहून दिलेला. मी तिथून तार ओढून आणली. मोडेम चालू असताना कुणी रिसीव्हर उचलला की त्याच्या कानात खरखर आणि माझी जोडणी तुटलेली, म्हणून दारावर पाटी लावली: 'कॉम्प्युटर चालू आहे. फोन उचलू नये.' खाली माझी सही.

साधारण तीन आठवडे हे छान चाललं. मग एका सकाळी सुभेदार साहेब एका नायकाला घेऊन आले. सातारा जिल्ह्यातला पोरगा, फार बोलणारा नव्हे. त्याचे वडील मिरजेला दवाखान्यात होते. आदल्या संध्याकाळी त्याच्या भावानं बूथवरून साडेसात ते नऊ फोन लावला होता. प्रत्येक वेळी एंगेज. रात्री वडील गेले. निरोप सकाळी मिळाला.

मी रजेचं बोलू लागलो, गाडीचं बोलू लागलो. तो म्हणाला, "साहेब, फोन लागला असता तरी मी कुठं पोचणार होतो? चार दिवस जातात." मग थोडं थांबून, "आबांच्या कानाला फोन लावतो म्हणाला होता भाऊ."

पाटी मी स्वतः काढली. त्याआधी ती तीन आठवडे रोज वाचत होतो.

त्या रात्री प्रोग्रॅम परत उघडला. पहिल्यांदा वाटलं, 'डायल-ॲज-नीडेड' लावलं की भागलं. समोर 75 टक्के आणि 120 सेकंद हे आकडे होते. पण ही गरज मोजतं कोण? मशीन. त्याला फक्त आपल्या तारेवरचा भार दिसतो, पलीकडे बूथवर उभा असलेला माणूस दिसत नाही. आणि भार सगळ्यात जास्त संध्याकाळीच, फोन यायच्या वेळेला. तेव्हा 'डायल-ऑल' तसंच ठेवलं आणि घड्याळ बसवलं. सात वाजले की दुसऱ्या पोटनोंदीचं हँडल मागून घ्यायचं आणि तेवढ्यालाच रासहँगअप द्यायचं. मुख्य हँडल दिलं तर सगळंच बंद होतं, पोटनोंदीचं दिलं तर पहिली लाइन चालू राहते. सात ते सकाळी सहापर्यंत नवी जोडणी करायची झाली तर एकच लाइन असलेल्या वेगळ्या नोंदीतून. चाळीसेक ओळींचं काम. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. तेव्हा मी लंगरातली जिलबी खात होतो.

नायक तेरावं करून परतला. माझ्याशी पूर्वीसारखाच वागला, त्याचा मला जास्त त्रास झाला.

जूनमध्ये दहावीचे निकाल लागले. दुपारी दोन्ही लाइनी जोडून पोरांचे गुण बघणं चाललं होतं, रांग दाराबाहेर. सातला पाच कमी असताना एका हवालदाराच्या मुलीचं पान अर्धं उघडलेलं. दोन-तीन जण म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं राहू द्या ना." मी काही बोललो नाही. सात वाजता दुसऱ्या मोडेमचे दिवे विझले, पान तसंच हळूहळू उतरत राहिलं. शेजारच्या खोलीत फोन वाजला. रांगेत मागे उभा असलेला तो नायक धावत गेला आणि तिथूनच ओरडला, "शिंदे, तुझ्या घरून!"