पट्टा पडायच्या आत

रणजीत आपला संघ कुठला, असं साताऱ्यात किंवा सांगलीत कुणालाही विचारा. बहुतेक जण बेलाशक ‘मुंबई’ म्हणतील. राज्यात मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ आहेत आणि आपले दोन्ही जिल्हे तिसऱ्यात मोडतात, हे समजावून सांगेपर्यंत चहा निवतो. मुंबईने २०२४ पर्यंत रणजी ४२ वेळा जिंकली. विदर्भाने २०१८ पासून तीनदा. आम्ही दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. त्यानंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार येऊन गेलं, साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला, त्याची सांगली झाली, कोयनेचं धरण बांधून झालं. करंडक काही परत आला नाही.

बरं, आमचे हिरोही असे. विजय हजारे सांगलीत जन्मले, महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि पुढे बडोद्यालाच गेले. १९४७ च्या अंतिम सामन्यात तिकडून २८८! भाऊसाहेब निंबाळकर १९४८ मध्ये पुण्यात ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा विक्रम फक्त नऊ धावा लांब, आणि समोरच्या काठियावाडच्या कर्णधाराने उपाहारालाच सामना सोडून दिला. जिंकूनही हळहळायचं कसब आमच्याकडे तेव्हापासून आहे.

माझ्यात हे वेड आलं मामाकडून. मामा साखर कारखान्याच्या काट्यावर होता. गळीत हंगाम आणि रणजी साधारण बरोबरच चालायचे, आणि कारखान्याचा पट्टा पडायच्या आत आमचा संघ बहुधा बाहेर असायचा. एकदा शेवटची जोडी खेळत होती, पहिल्या डावाच्या आघाडीला थोड्याच धावा हव्या होत्या. सामना अनिर्णित राहिला तर आघाडीवाल्याला तीन गुण, दुसऱ्याला एक. आमच्यासारख्यांचं सगळं वर्ष या दोन गुणांच्या फरकावर चालतं. काट्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा, आकडा स्थिरावलेला, मागे हॉर्न, आणि मामाची नजर वजनपावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेल्या मोबाइलवर. विकेट पडली.

‘‘काय झालं वो?’’ ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

‘‘महाराष्ट्राची आघाडी गेली.’’

‘‘आन् मुंबईचं?’’

‘‘मुंबई जिंकली.’’

‘‘मग झालं की!’’

हरण्याचं एवढं काही वाटत नाही. पण आपल्या माणसांत बसून एकट्याने सुतक पाळायचं, हे जड जातं. विश्वचषक गेला तर अख्खी आळी हळहळते, पानवाला पैसे घ्यायचं विसरतो. आमच्या पराभवाची बातमी क्रीडापानाच्या तळाशी, तीही मुंबईच्या फोटोखाली.

अंतिम फेरीत आम्ही गेलोच नाही असं नाही. १९७१ मध्ये मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडीजला होते. उरलेल्या मुंबईनेही आम्हाला हरवलं. १९९३ ला लुधियानात पंजाब. २०१४ ला तर वानखेडेवर जाऊन मुंबईला लोळवलं, केदार जाधवने त्या हंगामात बाराशेवर धावा काढल्या, आणि हैदराबादला कर्नाटकने सात गड्यांनी हरवलं. मिरजेपुढे थोडं गेलं की कर्नाटक लागतं, त्यामुळे तो पराभव मामाला अंमळ जास्तच लागला. मुंबईवर प्रेम करायला मलाही कुणी अडवलेलं नाही. पण मुंबई जिंकल्यावर मला काहीच होत नाही, त्याला काय करू?

२०२२ ला एकदिवसीय स्पर्धेत आस लागली होती. करंडक विजय हजारेंच्याच नावाचा, म्हणजे घरचाच. ऋतुराज गायकवाडने उपांत्यपूर्व सामन्यात एका षटकात सात षटकार मारून नाबाद २२० केले, उपांत्य सामन्यात १६८, अंतिम सामन्यात १०८. सौराष्ट्र जिंकलं. रात्री मामाचा फोन आला. ऋतुराजच्या शतकाबद्दल तो भरभरून बोलला, निकालाबद्दल अवाक्षर नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘रणजी तेरा तारखेपासून आहे, ध्यानात ठेव.’’