चाकोरीची रुंदी

वहिनींनी आम्हांस अमेरिकेस बोलाविले ते पाहुणचारासाठीच; परंतु डेट्रॉइटच्या विमानतळावरून घरी जाताना मोटारीतच त्यांनी आमच्यावर एक कामगिरी सोपविली. “भाऊजी, एवढी वर्षे तुम्ही पोरांना वळण लावीत आलात. आमच्या या पोराला त्या गाडीच्या नादातून सोडवा. तुमचे तो ऐकेल.” मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा ‘ऐकेल’ या शब्दावर फारसा विश्वास उरलेला नसतो. तरीही आम्ही मान डोलावली.

प्रकरण असे होते. पुतण्यापाशी एक जुनी क्वाड होती. म्हणजे मोटारसायकलीचे इंजिन आणि हँडल, खाली चार फुगीर टायर आणि वर घोड्यावर बसावे तशी बैठक. मिशिगन सरोवराच्या काठी सिल्व्हर लेक येथे वाळूच्या टेकड्या आहेत. मागील वर्षाच्या अखेरीस तेथे एका उतारावर भरधाव वळण घेताना चिरंजीव गाडीसह उलटले आणि गळ्याजवळचे हाड मोडून घेऊन घरी आले. तेव्हापासून वहिनींनी गॅरेजात पाऊल टाकले नव्हते आणि मुलगा जेवताना गाडीचा विषय काढीत नव्हता. मायलेक एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलत. घरात सभ्यपणा वाढला की काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे.

आम्ही उपदेशाच्या तयारीने गॅरेजात गेलो. पाहतो तो पुतण्या गाडी जॅकवर चढवून, पुढची चाके काढून बसलेला. “काका, पुढचा भाग रुंद करतोय. ४३ इंच आहे, ४७ करणार. मग उलटणार नाही.”

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. या वाहनांचा इतिहासच मुळी पाया रुंदावण्याचा आहे. १९७० साली होंडाने अमेरिकेत आणलेली गाडी तीन चाकांची होती. पुढे एकच चाक. त्यामुळे वळताना कलंडण्याचे भय. पुढील काळात अपघात इतके वाढले की १९८८ साली सरकारी सुरक्षा आयोग आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. राहिली ती चारचाकी. चाकांतील अंतर जितके अधिक आणि भार जितका खाली, तितकी गाडी उलटावयास कठीण, हे साधे गणित आहे.

“रुंद कशी करणार?” आम्ही विचारले. त्याने दोन जाडजूड चकत्या दाखविल्या. चाक आणि हब यांच्यामध्ये या बसवावयाच्या; चाक आपोआप बाहेर सरकते. तासाभराचे काम आणि खर्चही बेताचा. आम्हांस यंत्रातले काही कळत नाही, परंतु ‘का?’ हा प्रश्न विचारण्यावरच आमची नोकरी चालली आहे. चाक बाहेर गेले, पण ज्या बेअरिंगवर ते फिरते ते कोठे गेले? पुतण्या थांबला. बेअरिंग जागच्या जागीच राहते. म्हणजे लांब दांडीच्या टोकाला धरून ओझे उचलावे तसा ताण त्यावर आणि जुन्या बॉल जॉइंटांवर पडणार. हँडल जड होणार आणि प्रत्येक दगडाचा हिसका थेट मनगटात येणार. हे सारे त्याने आम्हांस समजावून सांगितले आणि सांगता सांगता चकत्या फळीवर ठेवून दिल्या.

आम्हांस लहानपणचा एक प्रसंग आठवला. वडिलांनी खानापूरकडील शेतासाठी नवी बैलगाडी करविली आणि माल अधिक मावावा म्हणून सुताराकडून आस चार बोटे लांब करून घेतली. गावची वाट मात्र जुन्या गाड्यांनी कोरलेली. नव्या गाडीचे एक चाक चाकोरीत चाले, दुसरे बांधावर चढे. आठवड्यात एका बैलाचा खांदा सोलून निघाला. वडिलांनी निमूटपणे आस बदलली. ‘चाकोरी’ हा शब्द आम्ही वर्गात शेकडो वेळा शिकविला. त्याचे माप असते हे मात्र त्या बैलाने शिकविले.

अमेरिकेतही चाकोरी आहेच. वनखात्याच्या अनेक वाटांवर ५० इंचांहून रुंद गाडीस मज्जाव असतो, म्हणून पुतण्याने ४७ वर रेघ मारली होती. चाके ज्या ए आकाराच्या दांड्यांवर झुलतात त्याच दोन दोन इंच लांब घ्याव्यात, असे आता ठरले. पण दांडी लांबली की हँडलपासून चाकाला जाणारे टाय-रॉडही त्याच बेताने लांब हवेत. नाहीतर खड्ड्यात चाक आपल्या मनाने वळते. ब्रेकच्या नळ्या लांब हव्यात. लांब दांडीपुढे जुना शॉकॲब्सॉर्बर मऊ पडतो. तोही बदलावयास हवा. हिशेब मांडता मांडता रक्कम एवढी झाली की पुतण्याने तीन आठवडे शनिवार-रविवारीही काम केले. त्या काळात गाडी जॅकवरच राहिली, याचे श्रेय वहिनींनी आम्हांस दिले. आम्ही ते नाकारले नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी जोडणी पुरी झाली. उरले चाकांचे तोंड जुळविणे. दोन्ही टायरांमधले अंतर पुढून आणि मागून मोजावयाचे. पुढचे किंचित कमी हवे. टेप धरावयास दोघे लागतात. आमचे गुडघे जमिनीवर टेकेनात. इतक्यात चहा घेऊन वहिनी दारापर्यंत आल्या आणि तेथेच थांबल्या. पुतण्या वर न पाहता म्हणाला, “आई, हे टोक धरतेस?”

त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग कप फळीवर ठेवून, पदर खोचून, सिमेंटवर बसल्या. “हाड मोडलं होतं ते याच चाकानं का?” “नाही आई. मी वेगात होतो. चाकाचा दोष नव्हता.” सहा महिन्यांत हे वाक्य त्याने प्रथमच उच्चारले असावे. वहिनी काही बोलल्या नाहीत. परंतु टेपचे टोक त्यांनी इतके घट्ट धरले की तीनदा मोजूनही माप तेच आले.

कामगिरीत आम्ही नापास झालो, हे प्रांजळपणे कबूल करतो. पोरगा गाडीपासून सुटला नाही. गाडी चार इंचांनी रुंद झाली म्हणून निर्धोक झाली असेही नव्हे. वेग चालविणाऱ्याच्याच हाती राहतो. तथापि रात्री जेवताना गाडीचा विषय निघाला, आवाज चढले आणि वहिनींनी हेल्मेटवरून मुलास चांगलेच फैलावर घेतले. किती दिवसांनी त्या घरातील सभ्यपणा संपला होता!