धुराविना धूम्रपान

नवशिक्याने विजेवरची पहिली सिगारेट कोणती घ्यावी, या प्रश्नास आपल्या देशात कायद्याचे उत्तर आखूड आहे : कोणतीही नाही. यंत्र तसे साधे. एक बॅटरी, तापणारी तार, कापसाची वात आणि निकोटिन मिसळलेले ग्लिसरीन. कर्नाटकाने ते २०१६ मध्येच बंद केले. पुढे केंद्राच्या २०१९ च्या कायद्याने उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात, सारेच दंडनीय ठरविले; सुटा भागदेखील सुटला नाही. पहिल्याच गुन्ह्यास वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विडी सोडू पाहणाऱ्या जोयड्याच्या एका तरुणाने विचारले, "वकीलसाहेब, अनमोडचा घाट उतरून गोव्यातून आणली तर?" कायदा घाटाखालीही हाच. मौज अशी की, ओढणाऱ्यास शिक्षा सांगणारे कलम त्यात नाही. ओढावयास आडकाठी नाही, मिळविण्यास वाट नाही! विडीचे बंडल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात उघड विकले जाते. ही वाफ निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही, निकोटिनचे व्यसन तेच. परंतु अधिक जुन्या, अधिक घातक धुरास मोकळीक देणारा हा न्याय मला पटत नाही. त्या तरुणास मी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम घेण्यास सुचविले. ते औषधांच्या दुकानात मिळते, आणि कायद्याने निषिद्ध नाही.