चालणे हाच इलाज

चालताना पाय दुखला, की लोक म्हणतात, “वय झाले, आता बसून राहा.” माझ्या आजोबांनाही शेजारी हेच सांगत. आम्ही राजगुरुनगरचे. जुनी माणसे या गावाला अजून खेडच म्हणतात. बाजारात जाताना आजोबांच्या पोटरीत गोळा येई. थोडा वेळ थांबले, की दुखणे जाई. पुन्हा तेवढेच चालले, की पुन्हा गोळा येई.

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. घोट्याचा दाब बराच कमी भरला. डॉक्टर म्हणाले, “पायाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झाली आहे. जुन्या पाइपात गाळ साचतो, तसा तिच्यात चरबीचा थर साचला आहे. बसल्यावर पायाला पुरेसे रक्त मिळते. चालताना जास्त लागते, ते पोहोचत नाही.”

“मग ऑपरेशन करायचे का?” आजोबांनी भीतभीत विचारले.

“आज नाही. आधी बिडी बंद करा. ती चालू ठेवली, तर पाय गमवावा लागेल. गोळ्या घ्या आणि रोज चाला. दुखू लागले, की थांबा. दुखणे गेले, की पुन्हा चाला.”

“चालल्यानेच दुखते, आणि तुम्ही चालायला सांगता?”

“होय. सवयीने स्नायू कमी रक्तातही जास्त काम करू लागतात.”

बिडी सोडणे सोपे नव्हते. आजोबा बिडीच्या खिशात बडीशेप ठेवू लागले. कधी चिडत, कधी जेवत नसत. पण बिडीला हात लावला नाही. रोज संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालत असे. तीन महिन्यांनी ते दिलावरखानाच्या मकबऱ्यापर्यंत न थांबता जाऊ लागले.

काही रोग्यांना मात्र एवढे पुरत नाही. 1964 साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका बाईंची धमनी बारीक नळी घालून आतून रुंद केली. त्यांचा पाय कापावा लागणार होता, तो वाचला. आता हे काम छोट्या फुग्याने करतात.

बसल्या जागी पाय दुखू लागला किंवा पायाची जखम भरेना, तर एक दिवसही वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच जपावे. प्रत्येक दुखणे म्हातारपणाचे नसते. वडीलधाऱ्यांना “बसून राहा” म्हणण्याआधी त्यांचा हात धरून दवाखान्यात न्यावे. तीच त्यांची खरी सेवा.